हरवलेल्या शब्दाचा माग कसा काढावा : ‘फिअर’ या जुन्या सोबत्याच्या निमित्ताने

इंग्रजीत ‘फिअर’ म्हटले की आपल्याला भीती आठवते. परंतु याच उच्चाराचा, एफ-ई-आर-ई अशा अक्षरांनी लिहिला जाणारा आणखी एक शब्द त्या भाषेत कित्येक शतके नांदला, आणि त्याचा अर्थ होता सोबती. आज तो बोलण्यात नाही, वर्तमानपत्रात नाही आणि शाळेत वापरतात त्या शब्दकोशात तर नाहीच. अमळनेरला इंग्रजी शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या ‘ऑल्ड लँग साइन’ या प्रसिद्ध निरोपगीताची झेरॉक्स प्रत माझ्यापुढे ठेवली. त्यातल्या ‘ट्रस्टी फिअर’ या दोन शब्दांखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात बारीक अक्षरात ‘विश्वासू भीती?’ असे लिहिले होते. त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर शोधताना जी पद्धत हाती लागली, ती पुढे अनेक विद्यार्थ्यांना मी शिकवली. तीच येथे सविस्तर मांडतो आहे. शब्द इंग्रजी असला तरी पद्धत कोणत्याही भाषेला लागू पडते, आणि आपल्या खान्देशातल्या बोलींना तर तिची फार निकड आहे.

पहिले काम अगदी साधे आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. शब्द जिथे भेटला ते संपूर्ण वाक्य आधी उतरवून घ्यावे. नुसता शब्द लिहून ठेवला की दोन दिवसांनी तो परका होतो. वाक्य असले की शब्दाचे शेजारी त्याच्याविषयी साक्ष देतात. बर्न्सच्या त्या कडव्यात एक जण ‘हा घे माझा हात’ असे म्हणून दुसऱ्याचा हात मागतो आहे आणि त्याच दुसऱ्याला तो ‘माझ्या विश्वासू फिअर’ अशी हाक मारतो आहे. एवढे वाचले तरी हा शब्द माणसासाठी आहे, भावनेसाठी नव्हे, हे कोश न उघडता कळते. मग त्याच कागदावर लेखक, लेखनाचे वर्ष, प्रदेश आणि शब्दाचे तिथले नेमके स्पेलिंग लिहावे. बर्न्सने हे गीत १७८८ मध्ये स्कॉटलंडमध्ये लिहून पाठवले आणि ते १७९६ मध्ये छापले गेले. त्याच्या पाठात आपल्या शब्दात एक ‘आय’ अधिक आहे. ही सगळी माहिती चिठ्ठीवर हवी. एका वापराला एक चिठ्ठी हा नियम पाळावा. एका शब्दाच्या दहा चिठ्ठ्या झाल्या तर आनंदच मानावा.

ही चिठ्ठ्यांची रीत माझी नव्हे. जगातला सर्वांत मोठा इंग्रजी कोश, म्हणजे ऑक्सफर्डचा कोश, अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला. १८५७ मध्ये लंडनच्या भाषाशास्त्र मंडळात त्याची कल्पना निघाली, १८७९ पासून जेम्स मरे यांनी संपादनाची धुरा घेतली, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पूर्ण झाली. शेकडो सामान्य वाचकांनी आपापल्या घरी जुनी पुस्तके वाचून, शब्द आणि त्याचे वाक्य चिठ्ठीवर उतरवून संपादकांकडे पाठवले. त्या आवृत्तीत १८ लाखांहून अधिक अवतरणे आहेत. ‘एफ’ या अक्षराचे काम हेन्री ब्रॅडली या संपादकाकडे होते, म्हणजे आपला ‘फिअर’ त्यांच्या टेबलावरून गेलेला आहे. धुळ्याच्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली ती याच निष्ठेने, की आधी पुरावा आणि मग मत. १९२६ च्या ३१ डिसेंबरला त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या शहरात आहे. मराठी धातूंच्या आणि नामांच्या व्युत्पत्तीवर त्यांनी मोठे काम करून ठेवले आहे. त्यांच्या काही व्युत्पत्ती आज अभ्यासक मान्य करीत नाहीत, परंतु शब्दाला मागचा-पुढचा काळ असतो हे भान मराठीला देणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

चिठ्ठी झाली की कोशाकडे वळावे, आणि येथे एक खूणगाठ बांधावी, की ज्या काळाचा शब्द त्या काळाचाच कोश घ्यायचा. आजच्या खिशातल्या कोशात जुना शब्द नसला तर तो शब्दच नाही असे मानणे म्हणजे गावाच्या आजच्या मतदारयादीत पणजोबांचे नाव शोधण्यासारखे आहे. साधारण ११०० सालाच्या आधीच्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टोलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश आहे. त्यानंतरच्या चारशे वर्षांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आहे, आणि बोलीतल्या शब्दांसाठी १८९८ ते १९०५ या काळात निघालेला जोसेफ राइट यांचा बोलीकोश आहे. यातले पहिले दोन इंटरनेटवर विनामूल्य उघडतात आणि मोबाइलवरही नीट वाचता येतात. ऑक्सफर्डच्या ताज्या आवृत्तीला वर्गणी लागते, परंतु पहिल्या आवृत्तीचे जुने खंड स्कॅन केलेल्या रूपात मोफत मिळतात आणि आपल्या कामाला ते पुरतात. त्या खंडांत शब्दाच्या आधी कट्यारीच्या आकाराची एक लहानशी खूण दिसली, तर तो शब्द किंवा तो अर्थ वापरातून गेला आहे असे समजावे.

शोधताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नये. छपाई येण्यापूर्वी इंग्रजीत स्पेलिंगला ठाम शिस्त नव्हती आणि छपाई आल्यावरही ती बसायला फार काळ लागला. आपला शब्द एक ‘ई’ घेऊन, दोन ‘ई’ घेऊन, मध्ये ‘आय’ घेऊन, आणि सुरुवातीला ‘एफ’ऐवजी ‘पी-एच’ घेऊनही सापडतो. हा ‘पी-एच’ पाहून शब्द ग्रीक असावा असा समज होतो. तो चुकीचा आहे. शब्द अस्सल घरचा आहे आणि ही दोन अक्षरे त्याला नंतर चिकटली. मोडी कागद वाचणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, कारण एकाच माणसाचे नाव एकाच पत्रात दोन तऱ्हांनी लिहिलेले त्याने पाहिलेले असते. म्हणून सगळ्या रूपांची यादी करून प्रत्येक रूप स्वतंत्रपणे शोधावे.

रूपे गोळा होताच सारख्या दिसणाऱ्या शब्दांची गर्दी होते आणि ती वेगळी करणे हे कामाचे सर्वांत किचकट अंग आहे. ‘भीती’वाला शब्द जुन्या इंग्रजीत अचानक आलेले संकट या अर्थाचा होता, तो बाजूला ठेवावा. धडधाकट, हिंडता-फिरता या अर्थाचा आणखी एक ‘फिअर’ आहे आणि बर्न्सनेच दुसऱ्या एका कवितेत ‘हेल अँड फिअर’ म्हणजे ठणठणीत अशा अर्थाने तो वापरला आहे. एकाच कवीकडे हे दोन्ही शब्द असल्यामुळे घोटाळा ठरलेलाच. याशिवाय ‘इन फिअर’ किंवा ‘इफिअर’ अशी जोडरचना मध्ययुगीन काव्यात वारंवार भेटते, चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीकडे तर फारच. तिचा अर्थ ‘मिळून, एकत्र’ असा आहे आणि ती आपल्या शब्दाच्या सख्ख्या घरातली आहे. कोणता शब्द कोणाच्या घरचा, हे ठरवण्याची कसोटी एकच, ती म्हणजे वाक्यात तो शब्द काय काम करतो ते पाहणे. हाक मारली जाते आहे की गुण सांगितला जातो आहे, एवढे तपासले तरी निम्मी गर्दी पांगते.

आता शब्द उकलावा. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘येफेरा’ असे होते. सुरुवातीचा ‘ये’ हा उपसर्ग पुढे झिजून ‘इ’ झाला आणि नंतर गळून पडला. शेवटचा ‘आ’ही असाच विरत गेला. या उपसर्गाचा अर्थ ‘सह’ आणि उरलेल्या भागाचे मूळ ‘फारान’ म्हणजे जाणे, प्रवास करणे. म्हणजे येफेरा हा मुळात बरोबर चालणारा माणूस. जर्मन भाषेत आजही सोबत्याला ‘गेफेर्टे’ म्हणतात. तो याच शब्दाचा भाऊ आहे आणि प्रवास करणे या अर्थाचे ‘फारेन’ हे क्रियापद त्याच्यामागे अजून उघड दिसते. इंग्रजीतही त्या मुळाची पिलावळ शिल्लक आहे. बसचे भाडे ते ‘फेअर’, निरोपाचा शब्द ‘फेअरवेल’ म्हणजे ‘नीट जा’, वाटसरू तो ‘वेफेअरर’, आणि लोकांना नदीपार नेते ती ‘फेरी’. सगळे कुटुंब हयात असताना सोबती तेवढा गेला.

हे समजले तेव्हा मला सर्वांत अधिक आनंद कशाचा झाला असेल, तर आपल्याकडच्या ‘सहचर’ या शब्दाचा. सह म्हणजे बरोबर आणि चर म्हणजे चालणारा. लॅटिनमध्ये ‘कोमेस’ हा शब्दही असाच बनला आहे, बरोबर जाणारा या अर्थाने. राजाबरोबर जाणारा म्हणून पुढे तो मानाचा किताब झाला आणि इंग्रजीतला ‘काउंट’ हा सरदारवाचक शब्द त्यातूनच आला. हे तीन शब्द एकमेकांपासून उसने घेतलेले नाहीत. दूर दूरच्या लोकांना सोबतीची व्याख्या करावीशी वाटली तेव्हा त्यांना रस्ताच आठवला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चैत्रात धुळे-नंदुरबार-जळगावकडून सप्तशृंग गडाला पायी निघालेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. घरून निघताना अनोळखी असलेला माणूस तिसऱ्या मुक्कामी आपली पिशवी खांद्यावर घेतो, फोड आलेल्या पायाला तेल लावायला बसतो, आणि पुढच्या चैत्रात ‘यंदा निघायचे ना?’ असा फोन त्याचाच येतो.

शब्द उकलण्याच्या याच पायरीवर एक मोठा खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो होतो, म्हणून त्याविषयी थोडे थांबून सांगतो. ‘फिअर’ म्हणजे पतीही आणि पत्नीही असा अर्थ जुन्या काव्यात सापडल्यावर मला लगेच लग्नातले सात फेरे आठवले. फेरा, फेरी, फेर धरणे हे शब्द मनात रुंजी घालू लागले आणि दोन्हींचे मूळ एक असले पाहिजे असे मी एका वर्गात ठासून सांगितले. ते साफ चुकीचे होते. ध्वनी बदलतात ते मनाला येईल तसे बदलत नाहीत. त्यांना नियम असतो. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीच्या कुळात ‘फ’ येतो. पितृ आणि फादर, पद आणि फुट, पंच आणि फाइव्ह या जोड्या पाहाव्या. तेव्हा इंग्रजी ‘फिअर’चा नातलग संस्कृतात शोधायचा तर ‘फ’पाशी नव्हे, ‘प’पाशी शोधायला हवा, आणि तो ‘पिपर्ति’ म्हणजे ‘पलीकडे नेतो’ या क्रियापदात सापडतो. नदीच्या दुसऱ्या काठाचा ‘पार’ त्याच घरातला. तापीच्या काठावर राहणाऱ्याने ‘पार’ म्हटले की त्याच्या जिभेवर त्या इंग्रजी सोबत्याचे मूळ असते. फेरा मात्र निराळ्या कुळातला, गोल फिरण्याचा शब्द आहे. पुढच्या तासाला मी वर्गात चूक दुरुस्त केली, आणि तेव्हापासून उच्चाराचे साम्य हा पुरावा धरायचा नाही, तो केवळ शोधाला आरंभ करण्याचा इशारा मानायचा, हा नियम मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहायला लावला.

यापुढे चिठ्ठ्या तारखेनुसार लावाव्या. एका ओळीत मांडल्या की अर्थ कसा सरकत गेला हे डोळ्यांना दिसते. सुमारे १००० सालच्या जुन्या इंग्रजी बायबलात आदाम देवाला म्हणतो, की जी स्त्री तू मला सोबतीसाठी दिलीस तिने मला फळ दिले. तिथे ‘येफेरा’ आहे. म्हणजे वाटेतला साथी हा अर्थ इतक्या लवकर आयुष्यातल्या साथीपर्यंत पोहोचलेला होता. मध्ययुगात मित्र, सैन्यातला साथीदार, तोलामोलाचा माणूस असे अर्थ शेजारी शेजारी वावरतात. १५९० मध्ये स्पेन्सर या इंग्रजी कवीच्या ‘फेअरी क्वीन’ या दीर्घकाव्यात एका स्त्रीचे ‘देखण्या फिअर’शी लग्न झाल्याचा उल्लेख आहे, तिथे तो सरळ पती आहे. १५९४ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’ या नाटकात विटंबना झालेल्या एका स्त्रीच्या शोकाकुल पतीला हाच शब्द लावला आहे. रस्ता मागे पडला आणि घर पुढे आले, असा हा प्रवास आहे. मराठीत ‘सहचारिणी’ म्हटले की आपल्यालाही पत्नीच सुचते, बरोबर चालणारी कोणीही नव्हे; वळण तेच.

मात्र साक्षीदार कोण आहे हेही तपासावे. स्पेन्सर मुद्दाम जुने शब्द वापरीत असे आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. जुन्यांची नक्कल करता करता त्याने कोणतीच भाषा लिहिली नाही, असे नाटककार बेन जॉन्सनने म्हटले होते. तेव्हा स्पेन्सरकडे एखादा शब्द सापडला म्हणून तो १५९० च्या बाजारात ऐकू येत होता असे अनुमान काढता येत नाही. आपल्याकडे एखाद्या आजच्या कवीने ‘सांगाती’ लिहिले म्हणून बसस्थानकावर कोणी तसे बोलते असे आपण म्हणत नाही. बर्न्सची गोष्ट वेगळी आहे. तो स्कॉटलंडच्या बोलीत लिहीत होता आणि लंडनच्या भाषेतून निघून गेलेले कितीतरी शब्द त्या बोलीत टिकून होते. प्रमाण भाषेतून हद्दपार झालेला शब्द सीमेवरच्या बोलीत आसरा घेतो, हे खान्देशी माणसाला निराळे सांगायला नको. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर प्रदेश लिहिण्याचा आग्रह मी आरंभीच धरला होता.

या सगळ्या चिठ्ठ्यांत माझ्या दृष्टीने मोलाची एकच निवडायची तर मी इंग्रजी कवी कोलरिजची निवडेन. त्याच्या ‘एन्शंट मरिनर’ या कवितेच्या १७९८ च्या पाठात भुताच्या जहाजावर एक स्त्री आणि तिचा ‘मांसहीन फिअर’ असे दोघेच दिसतात. स्पेलिंग ‘पी-एच’ने सुरू होणारे. १८१७ च्या पाठात कवीने ती जागा नव्याने लिहिली. तिथे आता ‘मृत्यू हा त्या स्त्रीचा मेट, म्हणजे जोडीदार, आहे काय?’ असा प्रश्न आला आणि ‘फिअर’ गेला. शब्द मरताना सहसा दिसत नाही. त्याचे न येणे तेवढे पुढे कधीतरी लक्षात येते. येथे मात्र एकाच कवीच्या एकाच कवितेत, १९ वर्षांच्या अंतराने, जुना शब्द उठून गेलेला आणि त्याच्या जागी दुसरा बसलेला आपण पाहू शकतो. म्हणून एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या हाती आल्या तर त्या शेजारी ठेवून अवश्य ताडून पाहाव्या. आजही ते निरोपगीत गाताना अनेक ठिकाणी ‘ट्रस्टी फिअर’ऐवजी ‘ट्रस्टी फ्रेंड’ म्हणतात; बदल तोच, फक्त तो गाणाऱ्यांनी केला.

शब्द का गेला, हा प्रश्न शेवटी हाताळावा आणि त्याला एकच कारण देण्याची घाई करू नये. उच्चाराने भीतीशी झालेली गाठ त्याला बाधली असेल, असे म्हणायला जागा आहे. आपल्या लाडक्या माणसाला हाक मारताना भीतीचा भास कोणाला आवडेल? पण सारख्या उच्चाराचे पुष्कळ शब्द सुखाने एकत्र राहतात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही. अधिक उपयोगाचा मार्ग असा, की त्याच्या जागी कोण आले ते पाहावे. ही मंडळी फार मनोरंजक आहेत. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून ‘कम्पॅनियन’ आला. त्याच्या पोटात लॅटिन ‘पानिस’ म्हणजे पाव आहे, तेव्हा कम्पॅनियन म्हणजे एका भाकरीचा वाटेकरी. ‘मेट’ हा उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून आला आणि त्याचाही अर्थ एकत्र जेवणारा असाच. त्याच्या मुळाशी असलेला ‘मीट’ हा शब्द आज मांसाला लावतात, तेव्हा तो कोणत्याही अन्नाला म्हणत. ‘कॉम्रेड’ स्पॅनिशमधून आला, तो एका खोलीत राहणारा. ‘पॅल’ हा युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या भाषेतून आलेला शब्द त्यांच्या भावाच्या शब्दाचे रूप आहे, आणि रोमांची भाषा भारतातून गेलेली असल्यामुळे त्याचे मूळ आपल्या ‘भ्रातृ’पाशी, म्हणजेच ‘भाऊ’पाशी पोहोचते.

‘फेलो’ या शब्दाने तर मला अक्षरशः गुरांच्या बाजारात नेऊन उभे केले. हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा, त्यांच्या भाषेत ‘फेलागी’. ‘फे’ म्हणजे गुरे आणि म्हणून धनही, आणि पुढचा भाग ठेवणे या अर्थाचा. दोघांनी मिळून धन ठेवले, भागीदारी केली, ते एकमेकांचे फेलागी. हा ‘फे’ आणि आपला ‘पशु’ एकाच मुळाचे. वर सांगितलेला प-फ चा नियम येथेही लागू पडतो. पुढे या भागीदाराची किंमत उतरत उतरत ‘फेलो’ म्हणजे कोणीही एक इसम झाला आणि विद्यापीठात मात्र मानाच्या जागी बसला. मराठीत ‘गडी’चे असेच झाले आहे. खेळातला भिडू तो गडी, आणि शेतावर किंवा घरी राबणारा तोही गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवून शेतावर राहणारा सालदार आणि सुरपारंब्या खेळताना आपल्या बाजूचा खेळगडी यांना एकच शब्द कसा पुरला, याचा माग कोणी नीट काढला पाहिजे.

रस्त्याचा सोबती मागे पडला आणि भाकरीचा, खोलीचा, भांडवलाचा सोबती पुढे आला, एवढे या यादीतून दिसते. यावरून समाजच बदलला असे मोठे विधान मी करणार नाही, कारण शब्द परकीय सत्तेबरोबर येतात, व्यापाराबरोबर येतात आणि कधी नुसते कानाला बरे वाटले म्हणूनही राहतात. जेवढे चिठ्ठ्या सांगतात तेवढेच लिहावे, ही शिस्त शेवटच्या पायरीवर सर्वांत अधिक लागते.

आता हीच पद्धत घरच्या शब्दावर चालवून पाहावी, नाहीतर ती हातात बसत नाही. मी विद्यार्थ्यांना ‘सोबत’ हाच शब्द देतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. ती इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश शेजारी घ्यावे. सोबत हा शब्द अरबी ‘सुहबत’पासून फारसीमार्गे आपल्याकडे आला आहे. त्याच अरबी मुळापासून ‘साहिब’ झाला, ज्याचा अर्थ आरंभी बरोबर असणारा असा होता आणि पुढे धनी असा झाला. म्हणजे कचेरीतला साहेब आणि वाटेतला सोबती हे भाषेच्या घरात भाऊ-बहिणीची लेकरे ठरतात. लॅटिनमधल्या कोमेसचा काउंट होतो आणि अरबीतल्या साथीदाराचा साहेब, ही जोडी पुन्हा चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यामुळेच दिसते.

कोशात एवढे मिळाल्यावर वही घेऊन गावात जावे, कारण बोलीतला वापर कोशात पुरता उतरलेला नसतो. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीचा भाग १९०७ मध्ये छापला गेला; त्यात नमुने आहेत, पण घराच्या ओट्यावरचे सगळे बोलणे त्यात मावणे शक्य नव्हते. माझ्या लहानपणी शेजारचा शेतकरी कपाशीची गाडी घेऊन जिनिंगला गेला की रात्री परतत नसे. तिन्हीसांजेला त्याची बायको आमच्या दारात येऊन आत्याला म्हणे, ‘आज रातले मना घर सोबतले ये वं माय.’ आत्या गोधडीची गुंडाळी काखेत धरी, पितळी तांब्यात पाणी घेई आणि कंदिलाच्या उजेडात पलीकडे जाई. येथे ‘सोबत’ म्हणजे नुसते बरोबर असणे नव्हे. एकट्या बाईच्या घरी रात्री निजायला जाणे, असे ते नेमके, ठरलेले काम आहे. मला इंग्रजीत यासाठी एकच नेमका शब्द आजवर सापडलेला नाही. ‘फिअर’च्या मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांतही हा अर्थ नाही.

अशा वापराची चिठ्ठी करताना वरती शब्द लिहावा, खाली बोलणाऱ्याचे वाक्य तिच्याच उच्चारात, एकही अक्षर न सुधारता लिहावे. मग बोलणाऱ्याचे अंदाजे वय, माहेर आणि सासर ही दोन्ही गावे, ऐकल्याची तारीख आणि अर्थ. माहेर वेगळे लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण बाईची बोली बहुधा माहेराहून आलेली असते. रावेर-यावलकडची लेवा बोली आणि साक्री-शिरपूरकडची अहिराणी यांत फरक आहे आणि लग्नाने ती एका घरात नांदतात. ‘सोबत म्हणजे काय?’ असा सरळ प्रश्न विचारू नये. त्याला शाळेतले उत्तर मिळते. सोबतीला कोण येई, येताना काय आणी, अंथरूण कुठे पडे, दिवा कधी मालवत, सकाळी ती किती वाजता उठून जाई, असे विचारावे. मी एका वृद्ध बाईला असे विचारले, तेव्हा तिने सोबतीला येणारीने पहाटे जाताना घरधनिणीला हाक मारून, आतून कडी लावल्याचा आवाज ऐकल्यावरच ओटा उतरायचा असतो, असे सांगितले. ते वाक्य मी त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तिच्या शब्दांत लिहून ठेवले आहे.